मांगरातले ऑफिस

सिंधुदुर्गात घरामागे वीस-तीस पावलांवर उभ्या असलेल्या बुटक्या, लांबट इमारतीला मांगर म्हणतात. पेंढा, सरपण, जू-नांगर, झापांची चळत आणि कधी गुरे असे सगळे त्यात मावते. बागेतल्या मांगरात आंब्याच्या दिवसांत राखणदार झोपतो आणि पेट्याही भरल्या जातात. रत्नागिरीकडे याच कुळातल्या इमारतींना खोपी, गोठा किंवा गुरांचा वाडा म्हणतात. चिऱ्याच्या किंवा कुडाच्या भिंती आणि वर कौले, एवढाच त्यांचा थाट. घर बांधताना मुहूर्त, वास्तुशांत, नातेवाइकांची मते असे बरेच काही असते. मांगर मात्र हाताशी असेल त्या सामानातून उभा राहतो, आणि स्वस्त बांधकामाची खरी कसोटी तीच आहे.

मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी परतले आणि कंपनीचे काम लॅपटॉपवर घेऊन ओटीवर बसले. ओटी मुळात चारचौघांची जागा. तिथे पोस्टमन येतो, शेजारचे काका पेपर वाचायला येतात, दुपारी कोणीतरी कोकमे वाळत घालते. बंगळुरूच्या साहेबाशी बोलणे चालू असताना मागे कोंबडा आरवतो, आणि आरवला की थांबत नाही. माजघरात उजेड नसतो आणि माळ्यावर उकाडा असतो. तेव्हा बऱ्याच जणांची नजर परसातल्या बंद पडलेल्या गोठ्याकडे गेली. गुरे कधीच विकलेली होती आणि गोठ्यात मोडक्या खुर्च्या पडल्या होत्या. पुढे कचेऱ्या उघडल्या, तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची पद्धत राहिली आणि या खोलीची गरजही.

घराच्या आवारात पण घराबाहेर काम करण्याची सवय इंग्लंडात जुनी आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हर्टफर्डशरमधल्या एऑट सेंट लॉरेन्स या खेड्यातल्या आपल्या बागेत एका लाकडी खोपटात लिहीत. खोपटे एका खांबावर फिरवता येत असे, म्हणजे सूर्य सरकेल तसे त्याचे तोंड वळवता येई. त्याला त्यांनी ‘लंडन’ असे नाव दिले होते. दारी आलेल्या पाहुण्याला साहेब लंडनला गेलेत असे सांगितले, तर ते खोटे ठरत नसे. तिकडच्या बागेतल्या खोलीचा सगळा झगडा थंडीशी असतो. कोकणात तो पावसाशी, दमटपणाशी, वाळवीशी आणि वीज मंडळाशी असतो, म्हणून तिकडचे नकाशे जसेच्या तसे इथे उपयोगी पडत नाहीत.

जुना गोठा सुधारून घेणे सर्वांत स्वस्त वाटते, आणि पुष्कळदा असतेही. भिंती, जोते आणि छपराचे वासे मिळून अर्धे काम झालेले असते. मात्र गोठ्यात एक छुपे दुखणे असते. वर्षानुवर्षे गुरांचे मूत खालच्या दोन-तीन थरांत मुरलेले असते आणि त्यातले क्षार दगडाच्या पोटात बसलेले असतात. हवा दमट झाली की ते पाणी ओढतात आणि कोरडी पडली की पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर येतात. वर सिमेंटचा गिलावा केला, तर दोन पावसाळ्यांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. मग घरमालक गवंड्याला दोष देतो आणि गवंडी सिमेंटला. खरा उपाय कंटाळवाणा आहे. जुना गिलावा पूर्ण खरवडायचा, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची, फार कुजलेले चिरे बदलायचे, आणि गिलावा करायचाच असेल तर चुन्याचा करायचा, कारण त्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकतो. गोठ्याची दुसरी अडचण उंचीची. वळचण पाच फुटांवर असते आणि उभ्या माणसाचे डोके वाशाला लागते. छप्पर उतरवून भिंतीवर दोन-तीन थर चढवण्यावाचून त्याला इलाज नाही. म्हणून गोठा हाती घेण्याआधी चार चिरे खरवडून पाहावेत. क्षार कंबरेपर्यंत चढले असतील, तर शेजारी नवी खोली बांधणे स्वस्त पडते.

नव्या खोलीआधी कागद पाहावे लागतात. कोकणातली जमीन बहुधा समाईक असते. सातबारावर पंचवीस नावे असतात, त्यांतली निम्मी दिवंगत आणि उरलेली डोंबिवली ते दुबई अशी पसरलेली. परसात एक खोली म्हटली की एखाद्या चुलतभावाला आपला हिस्सा नेमका तेव्हाच आठवतो. सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घेऊन ठेवणे, हा या बांधकामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे. जमीन गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करावी. शेतजमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी संहितेत सोपी वाट आहे. ती आपल्या गट नंबराला लागू होते का, हे तलाठ्याकडून समजते. समुद्राच्या किंवा खाडीच्या काठावर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि तिथे ‘छोटीशी तर खोली आहे’ हे उत्तर चालत नाही. खोली उभी राहिली की घरपट्टीसाठी तिची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये करून घ्यावी.

जागा निवडताना पहिला विचार पाण्याचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. परसातले पाणी कुठून कुठे जाते, हे जुलैत छत्री घेऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात आखलेली कित्येक बांधकामे पहिल्याच आगोटीला ओढ्यात उभी असल्यासारखी दिसतात. पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून दार शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला असावे. माडाखाली छप्पर नको. नारळ पडतो तेव्हा कौल वाचत नाही आणि खाली माणूस असेल तर तोही वाचेलच असे नाही. फणसाची सावली चांगली, पण मुळे जोत्यापासून लांब हवीत.

आता भिंती. कोकणचा दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारच्या प्रवासात हा दगड पाहिला आणि १८०७मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव चपखल आहे, कारण खाणीत ओला असताना हा दगड कापता येतो आणि हवेवर वाळला की त्यातली लोहद्रव्ये आवळून तो घट्ट होतो. जुने गवंडी ताजा चिरा लगेच वापरत नाहीत, काही दिवस उघड्यावर रचून ठेवतात. पूर्वी पिकावाने हातचिरा काढत, आता बहुतेक खाणींत मशीन चालते. मशीनच्या चिऱ्याच्या कडा सरळ असतात, त्यामुळे सांध्यांच्या दरजा बारीक राहतात आणि सिमेंट वाचते. चिरा कोणत्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, येतो हेही विचारावे. सड्यावरच्या कातळशिल्पांना २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले आहे, आणि खाण त्यांच्यावरून जाण्याचा धोका खरा आहे.

हिशेब असा मांडता येतो. खोली आतून १० बाय १२ फूट. टेबल, खुर्ची, पुस्तकांचे कपाट आणि दुपारी पाठ टेकायला एक बाकडे एवढ्याला ही जागा पुरते. चिरा सरासरी १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच धरला, तर ९ इंची भिंत आठ फूट उंच नेऊन, दोन बाजूंचे त्रिकोण चढवून, दार आणि दोन खिडक्या वजा करून ४८०च्या आसपास चिरे लागतात. दीड फूट जोते धरले की आकडा सव्वासहाशेवर जातो. खाली कातळ असेल तर पाया जवळजवळ फुकटात मिळतो. मातीत दोन फूट जावे लागले तर चिरे आठशेच्या पुढे जातात. वर फुटतूट. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सव्वासहाशे चिऱ्यांचे वजन अठरा टनांच्या पुढे.

या अठरा टनांवरच खोलीची किंमत ठरते. चिऱ्याचा भाव खाणीवर एक असतो आणि अंगणात दुसरा. ट्रक परसापर्यंत जात असेल तर जांभ्याशी स्पर्धा करणारे दुसरे साहित्य कोकणात नाही. पण घर पाखाडीच्या खाली असेल, म्हणजे रस्ता वर आणि घर शंभर पायऱ्या खाली, तर प्रत्येक चिरा डोक्यावरून उतरवावा लागतो आणि मजुरी दगडाच्या किमतीला गाठते. अशा ठिकाणी जोते तेवढे चिऱ्याचे करून वर हलकी भिंत घेणे शहाणपणाचे. हलकी भिंत म्हणजे कमी प्रतीची भिंत, हा समज शहरातून आला आहे. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांना दोन्हीकडून शेणमाती लिंपून केलेला कूड पिढ्यान्‌पिढ्या टिकल्याची उदाहरणे गावोगाव आहेत, फक्त त्यावर पावसाची झोड येता कामा नये. सिंधुदुर्गात माणगा नावाचा जवळजवळ भरीव बांबू होतो. खांबांना आणि वाशांना तो उत्तम, मात्र कापल्यावर बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून घेतला पाहिजे, नाहीतर भुंगेरे वर्षभरात त्याचा भुगा करतात. कुडाळच्या ‘कॉनबॅक’ या संस्थेने बांबूच्या अशा बांधकामांवर बरेच काम केले आहे.

विटांच्या मुलखात, म्हणजे घाटावर, हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. केरळात आयुष्यातली अनेक वर्षे घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर विटा उभ्या धरून मधे पोकळी ठेवणारी भिंत रचत. तिच्यात विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. जांभ्यात अशी पोकळी ठेवत नाहीत आणि ठेवण्याची गरजही नाही. नऊ इंच जांभा आधीच सच्छिद्र, थंडीत उबदार आणि उन्हात गार आहे.

त्या सच्छिद्रपणाची दुसरी बाजू ओल. जांभा जमिनीतले पाणी वर ओढतो. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, ओल अडवणारा काँक्रीटचा दीड-दोन इंची थर दिला नाही, तर आत कितीही महाग रंग लावला तरी ऑगस्टमध्ये त्यावर हिरवट नकाशे उमटतात. त्याच टप्प्यावर पायाच्या मातीत वाळवीप्रतिबंधक औषध सोडतात. भिंत उभी राहिल्यावर हे काम नीट होत नाही. बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरलेली भिंत दिसायलाही बरी आणि खर्चालाही. पश्चिमेची भिंत मात्र झोडीची, तिला पूर्वी पावसाळ्यात माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधत. आजही त्याहून स्वस्त काही निघालेले नाही.

पैसा खरा लावायचा तो छपरात. भिंतीतली चूक निभावून नेता येते, छपरातली चूक लॅपटॉपवर टपकते. नव्या बांधकामात सर्रास लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रा टाकतात, कारण तो एका दिवसात चढतो. एप्रिलच्या दुपारी त्याच्याखाली बसवत नाही, आणि जुलैत सर जोराची आली की पलीकडच्या माणसाला फोनवर फक्त ताशा ऐकू येतो. निसर्ग वादळाने जून २०२०मध्ये रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, आणि तौक्तेने पुढच्या वर्षी मे महिन्यात खालच्या किनाऱ्यावर, पत्रे पत्त्यांसारखे उडवले. पत्रा घालायचाच तर आकडे जवळजवळ मारावेत, सांगाडा भिंतीत गाडलेल्या सळ्यांना बांधावा आणि खाली बांबूच्या चटईची किंवा प्लायची तक्तपोशी करून मधे हातभर हवा खेळती ठेवावी.

कौलांचा मार्ग अधिक भला. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौले किनाऱ्याने वर चढत थेट मुंबईपर्यंत पोहोचली. त्याआधीची नळीची कौले दरवर्षी हलवावी लागत. वर मोजलेल्या खोलीला चारी बाजूंनी अडीच फूट पागोळी बाहेर काढली आणि छपराला तीस अंशांचा उतार दिला, तर पाचशेच्या वर मंगलोरी कौले लागतात. पागोळीत काटकसर करू नये. अडीच फूट छज्जा भिंत कोरडी ठेवतो, खिडकी पावसातही उघडी ठेवू देतो, आणि स्क्रीनवर आकाशाचा झगझगाट पडू देत नाही. एका खर्चात तीन कामे होतात. जुन्या घरांची मोडतोड होते तिथे किंजळ, ऐन आणि फणसाचे वासे, गजांच्या खिडक्या, कधी अख्खी दारे मिळतात. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड वाकत नाही. नव्या दुकानी दाराबद्दल पहिल्या पावसाळ्यात असे म्हणता येत नाही.

छपरातल्या एका जुन्या क्लृप्तीचा इथे फार उपयोग होतो. कोकणातल्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एखादे काचेचे कौल बसवलेले असते. सकाळी त्यातून उजेडाचा एक खांब धुरात उभा राहतो आणि दिवस चढेल तसा भिंतीवरून खाली सरकतो. तेच कौल कामाच्या खोलीत उत्तरेच्या उतारावर बसवले, तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. दक्षिणेच्या उतारावर मात्र नको, कारण हिवाळ्यात तो उजेडाचा खांब नेमका बारा वाजता टेबलावर येऊन बसतो. टेबल खिडकीला काटकोनात, म्हणजे उजेड डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे ठेवावे. खिडकीची बैठक अडीच फुटांवर घेतली की खुर्चीत बसून बाग दिसते.

जमिनीला शेणाचे सारवण सुंदर, पण खुर्चीची चाके तिला आठवड्यात उखडतात. चोपून केलेला कोबा, त्यावर लाल रंगाचा घोटीव थर, हा मधला आणि टिकाऊ मार्ग.

विजेची गरज दिसते त्याहून कमी असते. लॅपटॉप ६० वॉट, राउटर १०, एलईडी दिवा १० आणि नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा ३० असे मिळून ११० वॉट होतात. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टी बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याचे पथ्य धरून त्यातले हजार-बाराशे हाती लागतात, म्हणजे नऊ-दहा तास. वादळानंतरचे चार दिवस त्यात भागत नाहीत, पण रोजची जा-ये भागते. घरातून खोलीपर्यंत चिलखती केबल दोन-अडीच फूट खोल पुरावी, खोलीला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. अर्थिंगचा खड्डा कोरड्या कातळात घेतला तर तो नावापुरताच ठरतो. न्हाणीचे पाणी जिथे माडाला जाते, ती बारमाही ओली जागा त्यासाठी योग्य.

मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून वीज थेट मोडेमपर्यंत येई. फायबर काचेचा असल्याने त्यातून ती येत नाही, मात्र राउटरचा अडॅप्टर विजेच्या तारेला जोडलेला असतोच. वायफाय भिजलेल्या जांभ्याच्या दोन भिंती ओलांडताना थकतो. घरातून खोलीत लॅनची तांब्याची केबल नेता येते, शंभर मीटरपर्यंत ती चालते, पण दोन इमारतींमध्ये तांबे नेणे म्हणजे विजेला पायवाट देणे. तिथेही फायबरचाच तुकडा टाकावा. त्यासाठी लागणारी प्लास्टिकची नळी विजेच्या केबलसोबत, पण वेगळी, एकाच चरात आधीच पुरून ठेवली तर दुसऱ्यांदा अंगण खणावे लागत नाही.

पावसाळ्यातला दमटपणा हा शेवटपर्यंतचा सोबती. पुस्तकांच्या कडा मऊ पडतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, हेडफोनचे स्पंज चिकट होतात. बंद कपाटात दहा-पंधरा वॉटचा जुन्या धर्तीचा पिवळा दिवा दिवसभर जळत ठेवला की आतली हवा कोरडी राहते. एलईडी इथे कामाचा नाही, त्याची ऊब फार कमी असते. खोली आठवडाभर बंद राहणार असेल तर वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते उघडे ठेवावेत. कुलूपबंद खोली उघड्या खोलीपेक्षा लवकर कुजते.

छपरावरून वर्षाकाठी जवळजवळ ८५ हजार लिटर पाणी उतरते. पागोळीखाली चर खणून त्यात खडी भरली तर जोत्यावर चिखल उडत नाही, आणि पन्हळ लावून पाणी विहिरीकडे वळवले तर त्याचे सोने होते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शाकारणी करावी. वळचणीतला पाला काढावा, सरकलेली कौले बसवावीत, आढ्यावरचा सिमेंटचा पट्टा तडकला असेल तर भरावा. मोडतोड बहुतेक वानरांची असते. त्यांची टोळी फणसावरून छपरावर आणि छपरावरून चिकूवर उडी मारते, आणि दर उडीला दोन कौले जातात. वैतागून काही जण कौलाखाली पत्रा घालतात. खर्च वाढतो, पण पावसाचे तुषार, उंदीर आणि वानरे या तिन्हींचा त्रास कमी होतो. पत्रा न घालणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच पंचवीस-तीस कौले जास्त घेऊन मागच्या भिंतीला उभी करून ठेवावीत, कारण त्याच कारखान्याचे, त्याच साच्याचे कौल पाच वर्षांनी मिळत नाही आणि दुसऱ्या साच्याचे खाचेत बसत नाही.